परतीचे तेवढे वेगळे

जालन्याच्या नव्या मोंढ्यातले एक व्यापारी काका दिवाळीनंतर सहकुटुंब गोव्याला निघाले आहेत. म्हणजे अजून दुकानातच बसले आहेत, पण मनाने निघाले आहेत. (काका काल्पनिक आहेत, त्यांना मिळालेला हिशेब मात्र लांबच्या भाड्याच्या धंद्यात कुठेही मिळेल.) नातवाने मोबाइलवर कॅम्पर व्हॅन दाखवली. आत पलंग, शेगडी, फ्रिज, बेसिन आणि मागच्या कोपऱ्यात संडास. काकूंना शेगडी आवडली, काकांना हॉटेलचा वाचणारा खर्च आवडला. बेत ठरला: जाताना व्हॅनने रमतगमत जायचं, पणजीला गाडी सोडायची आणि येताना रेल्वे धरायची. एकेरी गाडी, निम्मं भाडं. इतकं सोपं गणित मोंढ्यात कोणी कागदावरही मांडत नाही.

पुण्याच्या गाडीवाल्याने ते कागदावर मांडलं.

गाडी पुण्याहून जालन्याला रिकामी येणार, सुमारे ३०० किलोमीटर. जालना ते पणजी सुमारे ७५०. पणजीहून पुण्याला पुन्हा रिकामी, ४५०. गाडी निघते तिथून परत लागते तिथपर्यंतचं अंतर मोजायचं, ही या धंद्यातली जुनी रीत. तिला 'गॅरेज टू गॅरेज' म्हणतात. एकूण १,५०० किलोमीटर. काका त्यातल्या निम्म्यातच बसणार. त्यातही गंमत अशी की गोव्याचा रस्ता पुण्यावरूनच जातो, म्हणजे काकांना घेऊन निघालेली गाडी वाटेत आपल्याच गॅरेजला टाटा करून पुढे जाणार.

"काहून बरं? आम्ही तर तिकडंच उतरणार. गाडी रिकामी जाईन की!" काका म्हणाले.

"म्हणूनच तर," गाडीवाला म्हणाला.

पुढचं कलम 'दिवसाला किमान ३०० किलोमीटर' हे होतं. पाच दिवसांत १,५०० भरतात. पण काकांनी गोव्यात आणखी दोन दिवस समुद्र बघितला, तर हिशेब २,१०० चा होतो. म्हणजे नारळाच्या झाडाखाली उभी असलेली गाडी ६०० किलोमीटर धावते. त्याखाली चालकाचा भत्ता, टोल आणि परराज्याचा कर. जन्मभर शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली-तोलाई वजा करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या पट्टीची ओळख अशी उतारवयात झाली.

"चालक कशाला? नातू चालवतो की." तेही जमेना. गाड्या स्वतः चालवायला भाड्याने देण्यासाठी केंद्र सरकारची १९८९ ची योजना आहे आणि तिचा परवाना हवा तर पदरी किमान ५० गाड्या लागतात. दोनच-तीन व्हॅन असलेल्याकडे त्या कुठून येणार? तेव्हा गाडीबरोबर चालक येतो. पलंगावर काका-काकू झोपतात आणि ज्याच्या भरवशावर सगळे घाटात डोळे मिटणार, तो पुढच्या सीटवर पाय दुमडून पडतो.

सरकारला या हौसेची कल्पना आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या मुक्कामाला लावायला पाणी, वीज अशा सोयींची कॅराव्हॅन पार्क त्यात आहेत. धोरण कागदावर गुळगुळीत आहे. मुक्काम मात्र अजून बऱ्याचदा पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यामागे पडतो. पाण्याचं म्हणाल, तर ती अडचण जालनेकराला अडचण वाटत नाही. नळाची वाट बघत ड्रम पुरवून पुरवून वापरणारी काकू व्हॅनची टाकी सांगाल तितके दिवस चालवून दाखवील.

नातवाने मग न्यूझीलंडची बातमी आणली. तिथे बहुतेक पर्यटक ऑकलंडला विमानातून उतरतात, व्हॅन घेऊन दक्षिणेला जातात आणि क्राइस्टचर्चला ती सोडून उडून जातात. दक्षिणेत गाड्यांची गर्दी, उत्तरेत टंचाई. म्हणून कंपन्या त्या परत पोचवणाऱ्याला दिवसाला एका डॉलरने गाडी देतात, कधी वर इंधनही. अट एवढीच की ठरल्या दिवसांत पोचवा. काकांनी लगेच विचारलं, "मग पणजीहून पुण्याला येणारा कोणी का शोधत नाही हा?" प्रश्न बिनतोड होता. कारण जालन्यात हे शास्त्र जुनं आहे. इथल्या स्टील कारखान्यांकडे ट्रक भंगार घेऊन येतो आणि सळई घेऊन जातो; रिकामा ट्रक हाकणारा मालक मोंढ्यात हसण्याचा विषय होतो.

त्याआधीचे उस्ताद बंजारे. बायकापोरं, भांडीकुंडी आणि शेकडो बैल घेऊन तांडा चालायचा. धान्य समुद्राकडे जायचं, मीठ परत यायचं. लवणावरूनच 'लमाण' नाव पडलं असं सांगतात. २३ सप्टेंबर १८०३ ला याच जिल्ह्यातल्या असईला इंग्रजांचा जनरल वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला, तेव्हा त्याच्या मोहिमेची रसद बंजाऱ्यांच्या बैलांवरही चालली होती. कारवान हा फारसी शब्द युरोप फिरून, एसी बसवून, 'कॅराव्हॅन' होऊन परत आला. त्याच्या परतीचं भाडं आता काका भरणार आहेत.

आणि अस्सल कॅम्पर व्हॅन दर वर्षी याच दिवसांत मंठा, परतूर, घनसावंगीतून ऊसतोडीला निघतेच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल, गोधड्या, पत्र्याची पेटी, शेळी, खुराड्यातल्या कोंबड्या आणि मधे पोरं. नवरा-बायको मिळून एक कोयता. भाडं कोणी विचारत नाही, कारण मुकादमाची उचल आधीच अंगावर असते आणि ती उसाच्या मोळ्यांनी फिटत राहते. मुक्कामाला कोपी. परतीची तारीख कारखान्याचा पट्टा पडेल ती. या प्रवासाला पर्यटन धोरण लागू नाही.

एकेरी प्रवासाचं एकेरीच भाडं घेणारी एसटी अजून आहे. राज्याच्या हद्दीत १७ मार्च २०२३ पासून काकूंना अर्धं तिकीट; पंचाहत्तरी ओलांडली की काकांना फुकट, ते तर त्याच्याही आधीपासून. रेल्वेत ३० डिसेंबर २०२३ पासून मुंबईची वंदे भारतही आहे. पण नातवाचा हट्ट मोठा. त्याला व्हॅनच्या छतावर बसून समुद्र बघायचा होता.

शेवटी काकांनी होकार दिला. सही करण्याआधी चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोनवर एकच विचारलं, "पुण्याहून इकडं येताना गाडी रिकामीच येणार ना? आन् तिचे पैसे आमचेच?"

"हो काका."

"मग आमच्या धाकट्याची पुण्याची खोली रिकामी करायची हाये. त्याचं कपाट आन् दोन गाद्या टाकून आणा."

पलीकडे जरा वेळ शांतता पसरली.

"आणतो की. सामानाचे वेगळे पडतील."