ब्रेकपेक्षा हॉर्न बरा

जुन्या गाडीचं सीट कव्हर नवंकोरं, टेप दणदणीत, बंपरला दर शनिवारी ताजी लिंबू-मिरची. ब्रेकचा विषय निघाला की मात्र मालकाला काटकसर आठवते. ‘सध्या तात्पुरतं करून दे.’ मिस्त्री करून देतो. ते तात्पुरतं मग गाडी विकेपर्यंत कायम राहतं आणि पुढच्या मालकाला न सांगता भेट मिळतं.

प्रीमियर पद्मिनीचंच घ्या: चारही चाकांना ड्रम ब्रेक. एखादा व्हील सिलेंडर गळू लागला की सिलेंडर किंवा त्याचं रबर किट बदलायचं, हा झाला पुस्तकी उपाय. गल्लीतला उपाय वेगळा: त्या चाकाकडे जाणारा धातूचा पाइप पकडीने दुमडायचा आणि वर हातोडीचे दोन ठोके हाणायचे. गळती बंद, पेडल पुन्हा कडक, मालक खूश. उरलेली तीन चाकं काय फुकट पगार घेतात? आता हे बंद केलेलं चाक पुढचं डावं असेल, तर ब्रेक दाबताच गाडी उजवीकडे ओढते; म्हणजे थेट समोरून येणाऱ्या एसटीच्या स्वागताला!

ब्रेक ऑइल कमी झालं तर? घरात साबणाचं पाणी आहेच. डॉट-3 दर्जाचं कोरडं ब्रेक ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. हवेतला ओलावा शोषल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत घसरलेली चालते. पाणी मात्र 100 लाच उकळतं. खंबाटकी घाट उतरताना ड्रम तापले की पाइपात वाफ धरते, वाफ दाबली जाते आणि पाय फळीला टेकतो. इंजिन ऑइल ओतणारे महाभाग आणखी पुढचे. त्या ऑइलने सिलेंडरमधली रबरं फुगतात. आधी ब्रेक चिकटतात, नंतर लागतच नाहीत.

लायनरला ग्रीस लागलंय? पेट्रोलने धुवा, काडी लावा. लायनर झिजून रिव्हेट ड्रमला घासतायत? मग टेपचा आवाज वाढवा.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे दर 5 वर्षांनी पासिंग. मधल्या काळात पीयूसीवाला धूर तपासतो, ब्रेक कोणी तपासत नाही.

तेव्हा घाटात जाण्याआधी चारही चाकं समोर उभं राहून उघडायला लावा. दुमडलेला पाइप दिसला तर गाडी तिथेच ठेवा आणि घरी रिक्षाने जा.