चिनूचे बाबा

चिनूच्या बाबांना स्वतःचं नाव आहे, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. सोसायटीत, शाळेच्या फाटकाशी, दवाखान्यात ते चिनूचे बाबा. चिनू आठ वर्षांचा. या आठ वर्षांत त्यांनी बालमानसशास्त्राची एवढी पुस्तकं वाचलीत की जिन्यात भेटले तर दोन मजले पियाजे आणि तिसऱ्यावर एरिक्सन.

"त्याचं त्याला करू द्यावं," हे त्यांचं पालुपद. हे म्हणताना ते खाली वाकून चिनूच्या बुटाची नाडी बांधत असतात. "दीड ते तीन या वयात मुलाला स्वायत्तता मिळाली नाही ना, की लाज आणि शंका घर करतात. एरिक्सन!" मग गाठीवर आणखी एक गाठ. सुटायला नको.

चिनू वर्षाचा असताना मेरी एन्सवर्थबाईंचा तो प्रसिद्ध प्रयोगही त्यांनी घरी करून पाहिला. आईने मुलाला खोलीत ठेवून तीन मिनिटं बाहेर जायचं, आणि परतल्यावर ते कसं वागतं ते बघायचं. आईऐवजी बाबा बाहेर गेले आणि चाळिसाव्या सेकंदाला आत आले. चिनू वाटी आपटत बसला होता. त्याने मान वर करूनही पाहिलं नाही. पुस्तकात याचे दोन अर्थ निघतात म्हणे. बाबा दुसऱ्याचं पान उलटत नाहीत.

त्यांचा आवडता शब्द मात्र परांची. इमारतीला बांधतात तीच. ब्रूनर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये शिकवण्याला ही उपमा दिली: मुलाला हवा तेवढाच आधार द्यायचा, आणि जमायला लागलं की काढून घ्यायचा. आमच्या बी विंगचा रंग होऊन दीड वर्ष झालं, बांबू अजून तिथेच आहेत. चिनूच्या घरीही तसंच. अजून डब्याचं झाकण बाबाच सैल करून देतात.

"अरे, दुसरीत होतास तेव्हा दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीत जायचास तू," आजी म्हणतात. "येताना पिठाचं भूत होऊन यायचास."

"आई, तेव्हाची वाहतूक वेगळी होती." हे खरंच आहे, आमच्या कोपऱ्यावर रिक्षावाले सिग्नलला सूचना समजतात. आणि मी कुठल्या तोंडाने हसणार? मुलगी क्लासहून येईपर्यंत फोनवरच्या निळ्या ठिपक्याकडे मीही बघत असतो.

शेवटी गेल्या रविवारी निर्णय झाला: चिनू एकटा कोथिंबीर आणणार. आधी नकाशा काढला, मग तालीम झाली. खिशात वीस रुपये आणि पत्त्याची चिठ्ठी. भाजीवाल्या मावशींना आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं. चिनू निघाला, आणि वीस पावलं मागून हेल्मेट घालून बाबा. आधी टेम्पोच्या आड, मग पाण्याच्या टाकीच्या आड, मग इस्त्रीवाल्याच्या टपरीमागे. इस्त्रीवाल्याने विचारलं, "साहेब, कपडे द्यायचेत का?" तर तोंडावर बोट.

परतताना फाटकाशी नवा वॉचमन होता. लहान मुलाच्या मागे दबकत येणारा हेल्मेटवाला माणूस पाहून त्याने काठी आडवी घातली. "ओ, कुठे चाललात? कोणाकडे?"

बाबांना हेल्मेटचा पट्टा सुटेना. चिनू चार पावलं मागे आला. "काका, सोडा त्यांना," तो म्हणाला, "ते माझ्याबरोबर आहेत."

जुडी ताजी होती. मावशींनी वर चार मिरच्याही घातल्या होत्या, आणि सुटे पैसे चिनूने बरोबर मोजून आणले होते.