तंद्रीनाथ

प्रत्येक सोसायटीत एक तंद्रीनाथ असतो. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा कपाळावर, हातात कापडी पिशवी, आणि ही पिशवी आपण कशासाठी घेऊन निघालो होतो याचं चिंतन लिफ्टसमोर चालू. लिफ्ट येते, उघडते, बंद होते, निघून जाते. हे उभेच. आपण नमस्कार करावा, तर त्याचं उत्तर येतं आपण पार्किंगपर्यंत पोचल्यावर, आणि तेही भलत्याच माणसाला.

त्यांच्या घरात सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे 'अं?' "अहो, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, मी गच्चीवरून वाळवण घेऊन येते." "अं? हो हो." कुकर तीन देतो, पाच देतो. सातव्या शिट्टीला खालच्या मजल्यावरच्या बाई येऊन बेल वाजवतात. तंद्रीनाथ दार उघडतात आणि अत्यंत अदबीने सांगतात, "ही घरात नाहीये." तोवर डाळीची खळ झालेली असते. संध्याकाळी काकू ही हकिकत सांगायला बसतात तेव्हा सुरुवात तक्रारीने होते, पण संपेपर्यंत आवाजात अभिमान शिरलेला असतो. "ह्यांचं हे असंच. सदा आपले विचारात."

कसल्या विचारात, हे विचारायची पद्धत नाही. विचारलंच तर "काही नाही" एवढंच कळतं. माझा अंदाज असा, की गेल्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरीला द्यायचं राहून गेलेलं उत्तर ते मनात घासूनपुसून तयार करत असतात. डोंबिवलीला उतरायचं सोडून माणूस कल्याणला जाऊन पोचतो तो काही ब्रह्मज्ञानामुळे नव्हे.

शिवाय ही तंद्री मोठी हुशार असते. वीजबिलाची शेवटची तारीख, भाचीच्या साखरपुड्याचा दिवस, औषधाची चिठ्ठी हे सगळं तिच्यात बुडतं. पण शेजारच्या घरातल्या टीव्हीवर कोणी 'महागाई भत्ता' म्हटलं, की पहिल्या अक्षराला यांचे कान टवकारतात. भजी तळायला घेतली, तर हाक मारावी लागत नाही.

या मंडळींचं घराणं मात्र जुनं आणि थोर. ग्रीक तत्त्वज्ञ थेलीस आकाशातले तारे पाहत चालला होता आणि विहिरीत पडला, असं प्लेटोने लिहून ठेवलंय. ते पाहून एक मोलकरीण हसली: आभाळातलं जाणून घ्यायची एवढी घाई, आणि पायाखालचं दिसत नाही! थेलीसचं नाव इतिहासात राहिलं. त्या बाईचं नाव प्लेटोनेही दिलेलं नाही.

जोनाथन स्विफ्टने तर १७२६ साली गलिव्हरला तंद्रीनाथांच्या अख्ख्या बेटावरच नेऊन सोडलं. लापुटा हे ते उडतं बेट. तिथले प्रतिष्ठित पुरुष विचारात इतके गढलेले, की त्यांनी पगारी नोकर ठेवले होते. नोकराच्या हातात काठी, काठीला खडे किंवा वाळके वाटाणे भरलेला फुगा. मालकाने बोलायचं असलं की तो फुगा हळूच तोंडावर मारायचा, ऐकायचं असलं की कानावर, आणि खांबावर डोकं आपटायची वेळ आली की डोळ्यांवर. आपल्याकडे ही नोकरी बिनपगारी आहे आणि ती लग्नाबरोबरच लागते, एवढाच फरक. गलिव्हर पुढे सांगतो, की त्या बेटावर धड उत्तर मिळायचं ते बायका, कारागीर, हुजरे आणि या फुगेवाल्यांकडूनच.

बाईची तंद्री लागली तर काय होतं, याची नोंद मात्र आपल्या कालिदासाकडे आहे. शकुंतला दुष्यंताच्या आठवणीत हरवून बसली होती. दारात दुर्वास आले, तिला कळलं नाही. एवढ्यावर शाप! 'कोणत्या गहन विचारात आहेस बाळ?' असं ऋषिवर्यांना काही सुचलं नाही. आजही फार बदललेलं नाही. काकूंच्या हातून आठवड्यात एकदा दूध उतू जावं, की तंद्रीनाथ स्वतः ताडकन भानावर येतात. "लक्ष कुठे असतं तुझं?"

खरं तर लक्ष कोणाचंच जाग्यावर नसतं. हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी, २,२५० माणसांना दिवसभरात अवेळी फोनवरून विचारलं, की आत्ता करताय काय आणि मन आहे कुठे. २०१० साली त्यांनी निष्कर्ष छापला. ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. म्हणजे काकू काय आणि काका काय, मन दोघांचंही भटकतंच. फक्त काकूंचं मन भटकून कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला परत येतं, कारण ते न आलं तर दुसरं कोणी येणार नसतं. काकांच्या मनाला परतीची घाई नाही. मागे त्यांचा पहारा करायला माणसं आहेत. एखादं माणूस विचारवंत ठरायला घरात किती जणांनी जागं राहावं लागतं, याचा हिशोब तंद्रीनाथांच्या एकसष्ठीच्या भाषणांत कोणी मांडत नाही.

तेव्हा काकू, एक विनंती. यांच्यावर दूध सोपवू नका, असं सगळे सांगतील. तुम्ही रोज सोपवा, आणि तोवर खाली बाकावर जाऊन खुशाल विचारात बसा. उतू गेलं तर धावत वर येऊ नका. ओटा त्यांनाच पुसू द्या.