बडतर्फ ट्रामची पुनर्नियुक्ती

खांडबारा स्थानकाच्या बाकावर ताप्ती खोऱ्यातील गाडीची प्रतीक्षा करणाऱ्या आम्हां ग्रामस्थांना मुंबईकरांच्या वाहनविवेकाचे सदैव कौतुक वाटते. १८७४ साली घोडे जुंपून रुजू झालेली, १९०७ पासून विजेवर इमानेइतबारे राबलेली ट्राम, ती मोटारींच्या वाटेत येते या गुन्ह्याखाली, ३१ मार्च १९६४ रोजी बडतर्फ झाली. आणि अडथळा असा दूर होताच एकमेकींच्या वाटेत येण्याचे कार्य मोटारींनी स्वबळावर हाती घेतले. २०१७ साली हुतात्मा चौकातील खोदकामात तिचे गंजके रूळ वर आले, तेव्हा काल ज्यांची अडगळ होती त्यांचा एकाएकी वारसा झाला! विजेवर, रुळांवरून धावणारे वाहन हेच गर्दीवरचे औषध, हा शोध मात्र मुंबईला पहिल्या मेट्रोच्या रूपाने २०१४ साली, म्हणजे ट्राम मोडल्यावर पन्नास वर्षांनी लागला.