पेठेपासून हिंजवडीपर्यंत

पुण्यातील पेठांना वारांची नावे आहेत. तरीही शनिवारातून सोमवारात जायला दोन दिवस लागत नाहीत, पायी अर्धा तास पुरतो. जुन्या शहरात दुकान खाली, बिऱ्हाड वर, शाळा गल्लीच्या टोकाला आणि मंडई जवळच असे. एवढ्याशा गावात वाहन ही चैनच. लांबची कामे सायकलने भागत. खडकीचा दारूगोळा कारखाना आणि १९५४ मध्ये पिंपरीत आलेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स यांसारख्या ठिकाणी कामगार सायकलीच हाणत जात. ‘सायकलींचे शहर’ हे बिरुद त्या काळातले. डबलसीट बसणे आणि रात्री दिवा नसणे हे तेव्हाचे ठळक गुन्हे. मात्र चौकाच्या अलीकडे उतरून सायकल हातात धरणारा इसम कायद्याने पादचारी ठरतो, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असे.

पुढे शहर पसरले. घर धायरीला, नोकरी हिंजवडीला, मुलांचा क्लास कोथरूडला आणि आईवडील अजून सदाशिवात, अशी संसाराची विभागणी झाल्यावर सायकल माळ्यावर गेली. तिची जागा स्कूटरने घेतली, कारण ती वाड्याच्या बोळातही मावते.

पेठांतले रस्ते मात्र फारसे रुंदावले नाहीत. त्यामुळे गाड्या लावण्याचा प्रश्न पंचांगावर सोपवण्यात आला: सम तारखेला रस्त्याची एक बाजू, विषम तारखेला दुसरी. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, म्हणजे दोन्ही दिवस विषम. गाडी न हलवण्याचे हे सुख वर्षातून सातदाच लाभते. लीप वर्ष असेल तर फेब्रुवारीच्या एकोणतिसाव्या दिवसामुळे त्यात आणखी एकाची भर पडते.

उपाय झाले नाहीत असे नाही. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी आली, तीही देशात पहिली. बससाठी राखलेली ती मार्गिका घाईत असलेल्या प्रत्येकाने स्वतःसाठी राखीव मानली. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर पादचाऱ्यांना दिला गेला. तिथे चालायला जायचे तर आधी दुचाकी कुठे लावायची, हा प्रश्न उरलाच. ६ मार्च २०२२ पासून मेट्रोही धावते आहे आणि डब्यात गारवा आहे. अडचण स्थानकाबाहेर सुरू होते. घर दीड किलोमीटरवर. तेवढ्यासाठी बस नसते, रिक्षावाला ‘तिकडे नाही जाणार’ म्हणतो, आणि फूटपाथ असलाच तर त्यावर कुणाची तरी दुचाकी उभी असते.