मामींकडच्या सोळा बाटल्या

"अगं, ऐकलंस का? तीन नंबरच्या मामींकडे काल पुन्हा खोकं आलं. फिनेलच्या सोळा बाटल्या! चारवर चार फुकट, असं दोनदा केलं त्यांनी. घरात माणसं तीन आणि फरशी ती केवढीशी. जावई आला की त्याच्या हातातही दोन बाटल्या देतात."

"काकू, हळू बोला. खिडकी उघडी आहे त्यांची."

"असू दे. मराठी कुठं कळतंय त्यांना? डिस्काउंटला तमिळमध्ये तळ्ळुबडि म्हणतात, तेवढा शब्द नाही काढला म्हणजे झालं. तो कानावर पडला की गॅस बंद करून येतील बाहेर."

"पण खरं सांगू का, मलाही ते कुपनांचं सुरू करायचंय. चाकण सोडून इथं चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला आलो आणि आल्या आल्या डिपॉझिट, पोराची फी, गाडीचं सामान. ह्युंदाईच्या पट्ट्यात नोकरी म्हणून सासरी सगळ्यांना वाटतंय, आम्ही नुसत्या नोटा मोजतोय. मी ते अमेरिकेतले व्हिडिओ बघते ना, बायका ट्रॉलीभर सामान नेतात आणि काउंटरवर चिल्लर देऊन निघतात..."

"ते तिकडचं तिकडे. तिथं रविवारच्या पेपरात कुपनांची पुरवणी येते. कंपनीचं कुपन वेगळं, दुकानाचं वेगळं, आणि काही ठिकाणी दोन्ही एकाच बिलावर चालतात. आपलं कुपन असतं फोनमध्ये, कात्रीला काम नाही. कात्री चालली ती 1999 च्या वर्ल्ड कपला. ब्रिटानियाच्या पुड्यांवर धावा छापलेल्या असायच्या, शंभर जमवल्या की पुस्तिका मिळायची आणि नशीब असेल तर इंग्लंडला सामना बघायला. आमच्या भाच्यानं अख्ख्या वाड्याचे पुडे गोळा केले होते. इंग्लंड राहिलं, पण महिनाभर आल्यागेल्याला चहाबरोबर बिस्किटंच."

"मग मी सुरुवात कशानं करू?"

"वहीनं. हसू नकोस. दर महिन्याला जे लागतंच तेवढंच लिही. तूरडाळ, तेल, साखर, कपड्यांची पावडर, पोराचे डायपर. पुढं किलोला नाही तर लिटरला काय पडलं ते. कोपऱ्यावरच्या अण्णाचा भाव एका रकान्यात, ॲपवरचा दुसऱ्या. हल्ली पाकिटावर एमआरपीच्या शेजारी ग्रॅमला किती पडतात तेही छापावं लागतं कंपन्यांना. अक्षर मुंगीएवढं असतं, पण चष्मा लावून वाच. मोठा पुडा स्वस्तच असतो असं समजू नकोस, कधी कधी दोन छोटे स्वस्त पडतात. महिनाभर ही वही भर, आणि तोवर कुपनाला हात लावू नकोस."

"महिनाभर?"

"मग काय! आधीचा भाव ठाऊक नसेल तर सूट कशावर मिळाली हे कळणार कसं? आता हे बघ, माझ्या फोनवर आलंय. '999 च्या खरेदीवर 20 टक्के सूट.' वाचून वाटतं, दोनशे सुटले. खाली बारीक अक्षरात काय? जास्तीत जास्त 100. म्हणजे झाले दहा टक्के. त्यात तुझं सामान भरतंय साडेसातशेचं. 999 गाठायला तू अडीचशेचे काजू टाकणार. शंभर वाचवायला अडीचशे घालवलेस. मामींचं नेमकं हेच होतं."

"काजू खाल्ले तर जातात ना पण!"

"खा की! पण मग वाचवलं म्हणू नकोस, हौस केली म्हण. आणि घाईला भुलायचं नाही. 'फक्त दहा मिनिटं उरली', 'शेवटचे दोन नग', असली खोटी घाई करायला बंदी आहे. 2023 च्या नोव्हेंबरात केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं असल्या तेरा क्लृप्त्यांची यादीच काढली. न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, शेवटच्या पानावर पैसे वाढवणं, सगळं आहे त्यात. तक्रारीला 1915 नंबर आहे. तरी पैसे भरायच्या आधी बिल वरपासून खालपर्यंत वाचायचं. देणगीचे दोन रुपये, पॅकिंगचे पाच, पोचवायचे तीस. गेलं तुझं कुपन."

"आणि पहिल्या ऑर्डरची सूट? हे म्हणतात, माझ्या फोनवरून एकदा, त्यांच्या फोनवरून एकदा, मग सासूबाईंच्या."

"सासूबाई पुण्यात, ऑर्डर इरुंगाट्टुकोट्टैला! पत्त्यावरून ओळखतात गं ते. आणि ओळखलं नाही तरी घरातल्या सगळ्यांचे नंबर चार दुकानांना वाटायचे कशाला? मग वर्षभर मेसेज झेलत बसा. त्यापेक्षा आपण चौघी एकत्र येऊ. माझी बहीण डोंबिवलीला मुंबई ग्राहक पंचायतीत होती. 1975 पासून चाललंय त्यांचं. दुकान नाही, कुपन नाही. दहा-बारा घरांचा एक संघ, आधी याद्या द्यायच्या, महिन्याचा माल एका घरी उतरतो आणि बायका आपापसांत वाटून घेतात. यादी आधी दिली की मोहाला जागाच उरत नाही. आपल्या चार घरांची पावडर आणि तेल एकत्र केलं की ते 999 सहज भरतं, काजूशिवाय."

"मामींना पण घ्यायचं?"

"घेऊ, पण यादी मी लिहिणार. बरं, नुसत्या फोनला चिकटू नकोस. 2025 च्या 22 सप्टेंबरला साबण, शांपू, टूथपेस्टवरचा जीएसटी 18 चा 5 झाला. एवढी सूट रोजच्या कुठल्या कुपनात मिळते? मी वही काढून भाव उतरलाय का ते ताडून बघितलं. भाजीला उळवर संदै, शेतकऱ्यांचा बाजार, करुणानिधींनी 1999 ला मदुरैपासून सुरू केला तो. मधे दलाल नाही. भाजी घेतली की कोसुरु म्हणून मूठभर कढीपत्ता मागायचा. लाजायचं नाही, इथं मागतातच."

"आणि पोंगलला रेशनवर काहीतरी मिळतं म्हणे? टोकन येतं घरी?"

"येतं, पण इथलं कार्ड असेल त्यांना. 2024 ला किलोभर तांदूळ, किलोभर साखर, अख्खा ऊस आणि हजार रुपये होते. आपलं कार्ड महाराष्ट्राचं, आपण ऊस नुसता बघायचा. मामी मात्र एक पेर तोडून देतात हं, तेवढं मन मोठं आहे बाईचं."

"मग आडी सेलचं काय? मी तर दोन साड्या तेव्हाच घ्यायच्या ठरवल्यात."

"तो खरा सेल. आपल्याकडे आषाढात जसं लग्नकार्य नाही, तसं इथं आडीत, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. नव्या नवरीला तर माहेरी नेतात. लग्नं नाहीत म्हणजे साड्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून तळ्ळुबडि. कारण खरं आहे, म्हणून थोडी सूटही खरी. थोडी म्हणतेय मी! जुना मालही तेव्हाच बाहेर निघतो. पदर उलगडून उजेडात बघायचा. सोन्याच्या जाहिरातीला मात्र भुलू नकोस, सूट बहुधा घडणावळीवर असते, सोन्यावर नाही."

"तुम्ही याल माझ्याबरोबर?"

"येईन, पण दोनदा. जूनमध्ये नुसतं चेन्नईत टी. नगरला जाऊन भाव वहीत उतरवायचे, घ्यायचं काही नाही. मग आडीत, आणि तेही मंगळवार-बुधवारी सकाळी. रविवारी रंगनाथन स्ट्रीटला माणसं स्वतः चालत नाहीत, गर्दी त्यांना नेते. पर्स पुढं धरायची आणि अंधार पडायच्या आत परतीला लागायचं. एकदा कंपन्यांच्या शिफ्टच्या बस रस्त्यावर आल्या की पूनमल्लीच्या पुढं गाडी हलत नाही."