बोस्टनचा चहा, परळचा बंगला, पाच मार्क

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणं गिरगावातल्या कुठल्याही अभ्यासू मुलाला विचारा, झोपेतून उठवलंत तरी सांगेल. वसाहतींवर लादलेले कर, पार्लमेंटात प्रतिनिधी नसणं, नव्या विचारांचा प्रसार आणि तात्कालिक कारण म्हणून बोस्टनचा चहा. समासात चार आकडे, प्रत्येक मुद्द्याखाली पट्टीने मारलेली रेघ, चार मार्क. हेच उत्तर जरा हलवलं की फ्रेंच राज्यक्रांतीला लागू पडतं, आणखी जरा हलवलं की 1857ला. 'जुलमी', 'असंतोष' आणि 'ठिणगी' एवढा ऐवज गाठीला असला की जगातली कुठलीही उलथापालथ पुरवणी न लावता आटपते. दादरच्या क्लासांनी आणि 'अपेक्षित' प्रश्नसंचांनी पिढ्यान् पिढ्या घोटून घेतलेल्या या शास्त्रात क्रांती म्हणजे बटाटेवडा: सारण तेच, बांधून द्यायचा कागद तेवढा वेगळा. मुलं त्यात पटाईत झाली तर त्यांना कशाला नावं ठेवायची? खोट प्रश्नात आहे. मुंबईतल्या मुलाला बोस्टनबद्दल असं विचारलं जातं, जणू ते मंगळावरचं गाव आहे. वास्तविक बोस्टनला चहा पाठवणारा आणि मुंबईला गव्हर्नर नेमणारा शेठ एकच होता.

त्या शेठचं नाव ईस्ट इंडिया कंपनी, आणि 1772 साली त्याचं दिवाळं वाजायच्या बेतात होतं. लंडनच्या गुदामांत चीनचा चहा न खपता पडून होता, देणी अंगावर आली होती, आणि कंपनी सरकारपुढे कर्जासाठी हात पसरून उभी होती. पार्लमेंटने हात दिला, पण 1773 साली सोबत दोन कायदेही दिले. एक चहाचा. त्याने कंपनीला आपला माल परस्पर अमेरिकेत पाठवायची मुभा मिळाली, मधले दलाल गेले आणि चहा चक्क स्वस्त झाला. पौंडामागे तीन पेन्सांचा कर जुनाच होता, तो तेवढा तसाच ठेवला. म्हणजे 'इंग्लंडने चहावरील कर वाढवल्यामुळे लोक भडकले' हे वाक्य, ज्याच्याखाली हमखास रेघ असते, ते साफ चूक आहे आणि मार्क मात्र पुरे मिळवतं. चहा स्वस्त झाला म्हणून त्याच्या 342 पेट्या 16 डिसेंबर 1773च्या रात्री बंदरात बुडवणारे लोक खरे तर निबंधाला केवढा छान विषय आहेत! कटिंगचा भाव रुपयाने उतरला म्हणून लालबागच्या नाक्यावर कोणी किटली गटारात ओतल्याचं ऐकिवात नाही. मग बोस्टनकरांनी चहा का बुडवला? आपल्याला न विचारता बसवलेला कर स्वस्ताईच्या आडून गळी उतरवला जातोय, हे त्यांनी ओळखलं होतं. शिवाय चोरटा डच चहा विकून गब्बर झालेल्या व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय येत होता. तत्त्व आणि धंदा एकाच होडीत बसले होते. पण हे चार मुद्द्यांत मावत नाही, म्हणून गाळलं जातं.

दुसरा कायदा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट. त्याने मुंबईच्या गव्हर्नरच्या गळ्यात कलकत्त्याची दोरी बांधली: लढाई किंवा तह करायचा तर आधी तिकडे विचारा. मुंबईचा गव्हर्नर होता विल्यम हॉर्नबी. वरळीचा बांध घालणारे हॉर्नबीसाहेब ते हेच, आणि गव्हर्नरचं बिऱ्हाड परळच्या बंगल्यात आलं तेही यांच्याच काळात. तिथे आता हाफकिन संस्था आहे. कायदा त्यांनी वाचला असावा. मार्च 1775मध्ये त्यांच्या सरकारने साष्टी आणि वसईच्या मोहाने राघोबादादांशी सुरतेला तह करून टाकला आणि कलकत्त्याला विचारलंच नाही. कलकत्त्याने डोक्याला हात लावला, कर्नल अप्टनला पुरंदरला धाडलं आणि 1 मार्च 1776 रोजी दुसरा तह केला. त्यानंतर चारच महिन्यांनी फिलाडेल्फियात स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. मुंबई सरकार मात्र सुधारलं नाही. दादांना घेऊन पुन्हा पुण्यावर निघालं, घाट चढून रखडत तळेगावपर्यंत पोचलं आणि जानेवारी 1779मध्ये जड तोफा तिथल्या तळ्यात ढकलून रातोरात मागे फिरलं. वडगावला मराठ्यांपुढे शरणागतीच्या कागदावर सही करावी लागली. बोस्टनने कंपनीचा चहा पाण्यात घातला; मुंबईने कंपनीच्या तोफा स्वतःच्या हाताने घातल्या. तुलना करा, असा प्रश्न का पडू नये?

यावर पहिला आक्षेप येईल तो स्वाभिमानाचा सुकाळ पाहून धास्तावलेल्या मंडळींकडून. असले प्रश्न काढलेत तर उद्या एखादा पोरगा लिहील की नाना फडणविसांनी अमेरिका स्वतंत्र केली. लिहील, आणि त्याला शून्य द्यावं. वडगावमुळे यॉर्कटाउन झालं नाही, आणि जॉर्ज वॉशिंग्टन काही नानांच्या पत्राची वाट बघत बसला नव्हता. जोडायचा आहे तो पराक्रम नव्हे, जोडायची आहे ती कंपनीची खातेवही. ती वही एकदा उघडली की माणसंही इकडून तिकडे जाताना दिसतात. 19 ऑक्टोबर 1781ला यॉर्कटाउनला शरण आलेला, आणि प्रकृतीचं कारण सांगून तलवार द्यायला दुय्यम अधिकाऱ्याला पुढे करणारा कॉर्नवॉलिस पाचच वर्षांत हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होतो, टिपूला नमवतो, बंगालला कायमधारा लावतो. आपली मुलं त्याला दोन धड्यांत दोनदा भेटतात आणि दोघे नावबंधू समजून पुढे जातात. मुंबईत त्याचा पुतळा फोर्टमध्ये होता, तेव्हा लोक त्याला देव समजून फुलं वाहत. आता तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो पेपर तपासणाऱ्यांचा आहे. गठ्ठाभर उत्तरपत्रिका, हातात आदर्श उत्तर, वर मुदत. मुलाने स्वतःची अक्कल चालवली तर ती मोजायची कशी? रास्त तक्रार आहे. चार मुद्द्यांचा साचा आळसातून आलेला नाही, परळच्या आणि पेडर रोडच्या मुलाला एकाच मापाने मार्क मिळावेत म्हणून आला आहे, आणि ही गोष्ट लहान नाही. पण साचा मोडा असं म्हणतंय कोण? मुद्दे राहू द्या, रेघाही राहू द्या, फक्त प्रश्न बदला. तेव्हा पेपर काढणाऱ्यांना विनंती, एका वर्षी हा प्रश्न टाकून बघा: '1773च्या दोन कायद्यांचे बोस्टन व मुंबई येथे झालेले परिणाम लिहा. गुण 5.' आदर्श उत्तर पुढच्या जूनपर्यंत क्लासवाले छापतीलच.